साडेनऊ हजार फुटांवरील बर्फाळ घरात लाकडी जमीन: कोणते लाकूड, किती रुंद फळी आणि कोणत्या महिन्यात?

उंबरठा

आम्ही डेन्व्हरच्या उपनगरात राहतो आणि कोलोरॅडोतीलच ब्रेकनरिज गावात, सुमारे ९,६०० फुटांवर, एक जुने घर नुकतेच घेतले आहे. सध्या तेथे शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत जाणे होते. पुढेमागे कायमचे तेथेच राहावे असा विचार आहे. घरातील जुने गालिचे काढून लाकडी जमीन करून घ्यायची आहे, परंतु जितक्या जाणकारांना विचारले तितकी उत्तरे मिळाल्यामुळे गोंधळ वाढला आहे.

घर उतारावर आहे. मुख्य मजला लाकडी तुळयांवर असून वर प्लायवुड आणि खाली ओणवे होऊनच शिरता येईल अशी, मातीच्या तळाची क्रॉल स्पेस आहे. हा मजला भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या गरम पाण्याच्या बेसबोर्डने तापतो. गरम हवेचे डक्ट घरात मुळातच नाहीत. खालच्या अंगाची प्रवेशाची खोली काँक्रीटच्या स्लॅबवर आहे आणि त्या स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या आहेत. दिवाणखान्याच्या दक्षिणेकडे जवळजवळ पूर्ण भिंतभर काच आहे.

कंत्राटदाराने तीन नमुने ठेवले आहेत: पाच इंच रुंदीचे भरीव हिकरी, सात इंच रुंदीचे इंजिनिअर्ड (खाली प्लायवुडसारखे थर आणि वर ओकचा थर असलेले) व्हाइट ओक, आणि येथील जंगलातील निळसर झाक असलेले पाइन. माल आणून आठवडाभर घरात ठेवू आणि जानेवारीतच बसवून टाकू, असे त्याचे म्हणणे आहे. शेजारच्या घरात मात्र हिवाळ्यात फळ्यांमध्ये नाणे उभे राहील एवढ्या फटी पाहिल्या आणि धीर खचला. यापैकी काय निवडावे आणि बसवताना कोणत्या गोष्टींवर अडून बसावे?

करवतकाठी

मी लाकूड आणि त्यातील ओलावा यांच्याशी संबंधित कामात आहे, म्हणून उत्तर थोडे आकड्यांचे होईल. तीनपैकी कोणता नमुना घ्यावा, याआधी आपल्या घरातील हिवाळ्याची हवा किती कोरडी असते हे ठरवावे लागेल, कारण बाकीचे सर्व निर्णय त्यावरूनच निघतात.

बाहेर उणे १० अंश सेल्सिअस तापमान असताना बाष्पाने पूर्ण भरलेली हवासुद्धा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता ११ ते १२ टक्क्यांवर येते. स्वयंपाक, अंघोळी आणि माणसांचा वावर यांमुळे ती थोडी वर चढते, परंतु आठवड्यातील पाच दिवस बंद असलेल्या घरात तीही भर पडत नाही. उंचीवरील हवा विरळ असते म्हणून लाकूड फाटते असा एक समज आहे. प्रत्यक्षात लाकडाला त्या विरळपणाशी फारसे देणेघेणे नसते. भोवतालची सापेक्ष आर्द्रता आणि तापमान या दोहोंवरून ते आपल्या अंगात किती पाणी ठेवायचे हे ठरवते. उंचीमुळे हिवाळा लांबतो, हीटिंग महिनोन्महिने चालू राहते आणि कोरडेपणा टिकून राहतो, एवढाच उंचीचा वाटा.

मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या तक्त्यांप्रमाणे सुमारे २१ अंश तापमानाला ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड ९.२ टक्के ओलाव्यावर स्थिर होते, ३० टक्क्यांना ६.२ वर, २० टक्क्यांना ४.५ वर आणि १० टक्क्यांना अवघ्या २.५ वर. कारखान्यातून निघणारी फळी बहुधा ६ ते ९ टक्क्यांची असते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, दुपारच्या सरी सुरू झाल्यावर, आपल्या घरातील लाकूड ८ टक्क्यांच्या आसपास राहील असे धरले आणि हिवाळ्यात काहीच उपाय न करता ते ४ टक्क्यांपर्यंत उतरले असे मानले, तर वर्षभरातील फरक ४ अंकांचा होतो.

आता रुंदीचा हिशेब करू. फळीची रुंदी, ओलाव्यातील फरक आणि त्या जातीचा गुणांक यांचा गुणाकार केला की फळी किती आकसेल हे कळते. हिकरीचा गुणांक ०.००४११ आहे, म्हणजे पाच इंची, १२७ मिलिमीटरची फळी सुमारे २.१ मिलिमीटर आकसेल. साध्या कापाच्या व्हाइट ओकचा गुणांक ०.००३६५, म्हणजे तीच रुंदी १.८५ मिलिमीटर आकसेल. व्हाइट ओकच क्वार्टर-सॉन घेतला, म्हणजे ज्यात वाढीची वलये फळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात येतात असा काप घेतला, तर गुणांक ०.००१८० होतो आणि आकसणे ०.९ मिलिमीटरवर येते. त्याच कापाची सव्वातीन इंची फळी घेतली तर ०.६ मिलिमीटर. हे गुणांक ६ ते १४ टक्के ओलाव्याच्या टप्प्यासाठी मोजलेले आहेत, त्यामुळे ४ टक्क्यांपर्यंतचा हिशेब अदमासाचा समजावा. पण कोणता नमुना कोणाच्या किती मागे आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते. शेजाऱ्यांच्या घरातील उभ्या नाण्याचे रहस्यही बहुधा हेच असावे.

दुकानात टणकपणा आणि स्थिरता यांची सर्रास गल्लत होते. लाकडाचा टणकपणा मोजणाऱ्या जांका कसोटीत हिकरी १,८२० आणि व्हाइट ओक १,३६० आहे, म्हणून हिकरी ‘अधिक मजबूत’ म्हणून विकली जाते, आणि खुर्ची ओढली किंवा भांडे पडले तर ती खरोखर कमी दबते. मात्र हवा कोरडी झाली की याच तिघांत सर्वांत जास्त हालणारे लाकूड तेच आहे. कोरड्या डोंगराळ घरासाठी पाच इंची भरीव हिकरी सुचवणे मला पटत नाही.

निळ्या पाइनविषयी थोडे. कोलोरॅडोत १९९६ पासून पसरलेल्या माउंटन पाइन बीटल या किड्याने सुमारे ३४ लाख एकर जंगलाला ग्रासले. किड्यासोबत येणाऱ्या बुरशीमुळे लॉजपोल पाइनमध्ये ती निळसर-राखाडी झाक येते. तिच्यामुळे लाकडाची ताकद कमी होत नाही आणि दिसायला ते फार देखणे असते. परंतु लॉजपोल पाइनची जांका अवघी ४८० आहे. छताला, भिंतीला किंवा निजायच्या खोलीला जरूर वापरा. जेथे स्कीचे बूट आणि कुत्र्याची नखे फिरणार आहेत तेथे वर्षभरात खड्ड्यांची रांगोळी दिसेल.

इंजिनिअर्ड फळी ही सर्व रोगांवरील औषध म्हणून सांगितली जाते, तेही अर्धेच खरे आहे. खालचे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून रुंदीत ती खूपच कमी आकसते, हे बरोबर. मात्र वरचा ओकचा थर कोरडा होऊन आकसू पाहतो आणि खालचे थर त्याला आकसू देत नाहीत. हा ताण कोठेतरी निघतोच. एक तर पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, नाहीतर फळीच्या कडा उचलल्या जाऊन ती वाटीसारखी होते. बऱ्याच उत्पादकांच्या हमीपत्रात आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेल्यास हमी रद्द असे लिहिलेले असते, ते खरेदीपूर्वी वाचावे. वरचा थर ओंडका फिरवून सोललेला नसून करवतीने कापलेला असावा, कारण सोललेला थर कोरड्या हवेत लवकर चिरतो. तो किमान ३ ते ४ मिलिमीटर जाड असावा, म्हणजे पुढे घासून नवे पॉलिश करता येईल.

रंधा

करवतकाठी यांनी लाकडाची बाजू मांडली आहे. मी डेन्व्हर आणि वरच्या डोंगरी गावांत जमिनी बसवण्याचे काम करतो, म्हणून कामाच्या पद्धतीविषयी लिहितो.

‘आठवडाभर घरात ठेवू’ हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते. लाकूड मुरायला किती दिवस लागतील हे दिनदर्शिका सांगत नाही, मॉइश्चर मीटर सांगते. त्यातही घर ज्या स्थितीत पुढे राहायचे आहे त्या स्थितीत आधी आणले पाहिजे: हीटिंग नेहमीच्या तापमानाला चालू, भिंतींचे प्लास्टर व रंग वाळलेले, आणि ह्युमिडिफायर लावणार असाल तर तोही आधीच सुरू. गठ्ठे बांधलेले ठेवले तर आतील फळ्यांना हवा लागत नाही, म्हणून पेट्या उघडून मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात. इंजिनिअर्ड मालाच्या पेट्यांबाबत मात्र उत्पादकाचे लेखी म्हणणे पाळावे, कारण काही जण त्या बसवण्याच्या क्षणापर्यंत बंदच ठेवायला सांगतात. फळ्यांचे आणि खालच्या प्लायवुडचेही माप घ्यावे. नॅशनल वुड फ्लोअरिंग असोसिएशनच्या मार्गदर्शनाप्रमाणे तीन इंच किंवा त्याहून रुंद भरीव फळीसाठी या दोहोंतील फरक २ टक्क्यांच्या आत, आणि त्याहून अरुंद पट्टीसाठी ४ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. कंत्राटदाराकडे स्वतःचे मीटर नसेल किंवा तो मापे लिहून द्यायला तयार नसेल, तर तेथेच दुसरा माणूस शोधावा.

जानेवारीत बसवण्याविषयी. लोकांना वाटते की हिवाळ्यात पूर्ण वाळलेले लाकूड घट्ट बसवले की फटींचा प्रश्नच मिटला. पाच मीटर रुंद खोलीत पाच इंची सुमारे चाळीस फळ्या बसतात. त्या ४ टक्क्यांवर एकमेकींना भिडवून ठोकल्या आणि ऑगस्टमध्ये त्या ८ टक्क्यांवर गेल्या, तर वर दिलेल्या साध्या ओकच्या हिशेबाने त्यांना मिळून सात सेंटिमीटरहून अधिक जागा हवी असते. खिळे त्यातील बरेच दाबून धरतात, परंतु उरलेल्या जोराने कडा उचलल्या जातात किंवा जमीन मधोमध उठते. भिंतीलगत सोडलेली १९ मिलिमीटरची फट त्याला पुरत नाही. फटी हिवाळ्यात दिसतात आणि उन्हाळ्यात मिटतात. उठलेली जमीन मात्र पुन्हा तशी बसत नाही. म्हणून लाकूड वर्षाच्या दोन टोकांच्या मध्यावर, येथे साधारण ६ टक्क्यांवर, असताना बसवावे. ह्युमिडिफायर व्यवस्थित चालू असेल तर ते जानेवारीतही साधते; नसेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो.

मे-जूनही टाळावेत, आणि त्याचे कारण क्रॉल स्पेस आहे. बर्फ वितळू लागला की उतारावरील घराखालची माती पाण्याने भरते, आणि वरून कोरडी व खालून ओली अशी फळी कडा उचलते. लाकूड मागवण्यापूर्वी तेथे खाली उतरून पाहा. मातीवर किमान ६ मिलचे (सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे) पॉलिथिन, सांधे एकमेकांवर चढवून चिकटवलेले आणि कडा भिंतीवर नेऊन पक्क्या केलेल्या, एवढे तरी हवेच. या कामाचे पैसे लोकांना नको वाटतात कारण ते कोणाला दिसत नाही.

प्रवेशाच्या खोलीत खिळे ठोकायची भरीव फळी विसरून जा. खाली पाण्याच्या नळ्या आहेत. तेथे लाकूडच हवे असेल तर इंजिनिअर्ड फळी स्लॅबला चिकटवावी, जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २७ अंशांच्या वर जाऊ न देणारा सेन्सर लावावा, आणि हंगामाच्या सुरुवातीला तापमान एकदम न वाढवता रोज थोडे थोडे वाढवावे. माझे स्वतःचे मत विचाराल तर त्या खोलीत लाकूड घालूच नये. त्याबद्दल पुढे लिहितो.

वरच्या मजल्यावर सव्वातीन ते चार इंची क्वार्टर-सॉन व्हाइट ओक, तुळयांना आडवी, सहा ते आठ इंचांवर खिळे, आणि कडांना अगदी बारीक उतार दिलेली फळी. त्या उतारामुळे सांध्यावर आधीच एक रेघ असते आणि हिवाळ्यातील अर्ध्या मिलिमीटरची फट तिच्यात लपते. फार गडद रंग टाळावा, कारण फळी आकसली की शेजारच्या फळीच्या खाचेत शिरणारी, न रंगवलेली जीभ पांढऱ्या रेघेसारखी उघडी पडते.

आल्प्सवासी

मी स्वित्झर्लंडमध्ये दावोसला राहतो, सुमारे १,५६० मीटरवर. म्हणजे आपल्यापेक्षा बराच खाली, पण हिवाळा आणि कोरडेपणा ओळखीचा आहे. लाकडाविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी सहमत आहे. ह्युमिडिफायर लावा आणि मोकळे व्हा, असा जो सूर अमेरिकेतील चर्चांत नेहमी दिसतो, त्याविषयी मात्र सावध करावेसे वाटते.

जमिनीला हवी असलेली आर्द्रता घराच्या बाहेरच्या कवचाला सोसते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. २१ अंशांच्या खोलीत ३० टक्के आर्द्रता असेल तर ३ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरते. ४० टक्के असेल तर ७ अंशांपेक्षा थंड असलेल्या पृष्ठभागावरही. बाहेर उणे २० असताना जुन्या दुहेरी काचेच्या कडा सहज त्याखाली जातात. काचेवरील पाणी निदान दिसते आणि पुसता येते. दिव्यांच्या भोकांतून आणि छताच्या सांध्यांतून वर झिरपणारी दमट हवा छपराच्या आतल्या बाजूला गोठते, महिनाभर साठते आणि मार्चमध्ये वितळून इन्सुलेशन भिजवते. ते बऱ्याच उशिरा लक्षात येते. आपले घर जुने आहे, म्हणून छताची हवाबंदी तपासल्याशिवाय आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत चढवू नये.

येथील जुन्या डोंगरी घरांत लार्चच्या चांगल्या रुंद फळ्या असतात आणि हिवाळ्यात त्यांच्यात फटी पडतात. कोणी त्या बुजवत नाही. फटी अजिबात नकोत या हट्टापेक्षा फटी बारीक आणि सारख्या असाव्यात, ही अपेक्षा अधिक शहाणपणाची आहे. आणि हिवाळ्यात फटींत लांबी (पुट्टी) भरून घेण्याचा मोह कृपया आवरावा. उन्हाळ्यात फळ्या फुगल्या की ती चिरडून वर येते आणि पुढच्या हिवाळ्यात फट होती तेवढीच पुन्हा उघडते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. हिकरी बाद केली आहे आणि पाइन वरच्या निजायच्या खोलीपुरता ठेवण्याचा विचार आहे. तीन शंका उरल्या.

पहिली म्हणजे, माझे वडील पुण्याहून दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांचा आग्रह सागवानाचा आहे. कोकणातील आमच्या जुन्या घराच्या तुळया उतरवून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या फळ्या कापून आणाव्यात असे ते म्हणतात, आणि सागवान कधी हलत नाही यावर ते ठाम आहेत. दुसरी, आम्ही नसताना थर्मोस्टॅट १३ अंशांवर ठेवतो आणि शुक्रवारी रात्री २१ वर नेतो. या चढउताराने लाकडाचे नुकसान होईल का? आणि तिसरी, डक्टच नसतील तर घरभर आर्द्रता द्यायची कशी?

करवतकाठी

आपल्या वडिलांचे म्हणणे निम्म्याहून अधिक बरोबर आहे. साध्या कापाच्या सागवानाचा गुणांक ०.००१८६ आहे, म्हणजे क्वार्टर-सॉन व्हाइट ओकच्या जवळजवळ बरोबरीचा, आणि वर लिहिलेल्या कोणत्याही साध्या कापाच्या लाकडापेक्षा कितीतरी शांत. अडचण आहे ती सुरुवातीच्या ओलाव्याची. किनारपट्टीच्या हवेत वर्षानुवर्षे मुरलेल्या तुळईत १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. त्या हवेत ती शंभर वर्षे हलली नाही, कारण तेथील हवाच फार बदलली नाही. तीच फळी ५ टक्क्यांवर उतरली तर ८ अंकांचा फरक पडतो आणि १२७ मिलिमीटर रुंदीला सुमारे १.९ मिलिमीटर आकसते, म्हणजे साध्या ओकएवढीच. ‘जुने लाकूड पक्के सीझन झालेले असते’ हे फक्त ज्या गावात ते सीझन झाले त्या गावापुरते खरे आहे.

ते आणायचेच असेल तर फळ्या जास्त जाडीच्या कापून घ्याव्यात, येथे भट्टीत ६ टक्क्यांपर्यंत वाळवाव्यात आणि त्यानंतरच रंधून खाच-जीभ काढावी. अमेरिकेत लाकूड आणताना लेसी कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीनुसार झाडाची शास्त्रीय जात आणि ते कोठे तोडले गेले हे जाहीर करावे लागते, आणि जुन्या घराच्या तुळईबाबत ते कागद जमवणे सोपे नाही. सागवानाच्या अंगच्या तेलामुळे गोंद आणि पॉलिश धरायलाही त्रास होतो. पृष्ठभाग आधी द्रावकाने पुसून घ्यावा लागतो. एवढा खटाटोप संपूर्ण मजल्यासाठी करण्यापेक्षा त्या तुळयांतून जिन्याच्या पायऱ्या आणि दाराचे उंबरठे करून घ्यावेत, असे मी सुचवीन. तेथे रुंदीचा प्रश्न येत नाही आणि कोकणातील घराचे लाकूड रोज पायाखालून जाईल.

थर्मोस्टॅटविषयी बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. हवेतील बाष्प तेवढेच राहून तापमान उतरले की सापेक्ष आर्द्रता वाढते. २१ अंशांना १० टक्के असलेली हवा १३ अंशांना १७ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे आपण नसताना थंड ठेवलेले घर लाकडाला अधिक मानवते. शनिवार-रविवारच्या उबेचा परिणाम पॉलिश केलेल्या फळीच्या आत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे आठवड्याचे चढउतार बव्हंशी आपोआप बुजतात आणि हिशेब ऋतूंचाच राहतो. रिकाम्या घराचा खरा धोका वेगळा आहे: वीज गेली, बॉयलर बंद पडला आणि पाण्याची नळी गोठून फुटली, तर क्वार्टर-सॉन असो वा सागवान, सर्व एकाच मापाने फुगेल. निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, किंवा गळती ओळखून आपोआप पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

रंधा

डक्ट नसलेल्या घरांसाठी वाफेचे ह्युमिडिफायर मिळतात, ज्यांना स्वतःचा पंखा असतो. यंत्र कपाटात किंवा युटिलिटीच्या खोलीत बसते आणि वाफ भिंतीतील जाळीतून मोकळ्या जागेत सोडली जाते. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकत्र असेल तर एका जाळीने बऱ्यापैकी भागते. बंद दाराच्या खोल्यांत तेवढी आर्द्रता पोहोचत नाही. सुटे, पाणी भरायचे यंत्र शनिवार-रविवारच्या घराला उपयोगाचे नाही, कारण सोमवारी ते कोरडे पडते. आल्प्सवासी यांचा इशारा मला पूर्ण मान्य आहे. आधी छताची हवाबंदी, मग बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असलेला नियंत्रक, जो थंडी वाढली की आर्द्रता आपोआप कमी करतो. ३० टक्क्यांचे लक्ष्य ठेवावे आणि कडाक्याच्या थंडीत २५ वर समाधान मानावे. असोसिएशन ३० ते ५० टक्क्यांचा पट्टा सांगते, पण उणे २० मध्ये ५० टक्के आर्द्रता ठेवलेले जुने घर मी पाहिलेले नाही आणि पाहायची इच्छाही नाही. ३० टक्के जरी टिकले तरी लाकूड ६ च्या वर राहते, वर्षाचा फरक निम्म्यावर येतो आणि सव्वातीन इंची क्वार्टर-सॉन फळीतील हालचाल ०.३ मिलिमीटरच्या आसपास राहते. बेसबोर्डला लागून असलेल्या दोन-तीन फळ्या मात्र तरीही जास्त वाळतील; तेथील फट थोडी मोठी दिसली तर घाबरू नये.

पॉलिशविषयी एक गोष्ट कंत्राटदाराला आधीच विचारावी. जागेवर घासून थेट पाण्याच्या पॉलियुरेथेनचे हात दिले, तर ते सांध्यांत उतरून फळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवते. मग हिवाळ्यात प्रत्येक सांधा थोडा थोडा न उघडता आठ-दहा फळ्यांचा एक तुकडा एकत्र आकसतो आणि त्याच्या शेवटी एकच मोठी फट पडते. आधी योग्य सीलर लावला तर हा धोका बराच कमी होतो. हार्डवॅक्स ऑइलमध्ये, म्हणजे तेल आणि मेणाच्या मिश्रणाच्या पॉलिशमध्ये, तो जवळजवळ नसतोच, शिवाय ओरखडा पडलेली तेवढीच जागा दुरुस्त करता येते. त्याची निगा मात्र वारंवार राखावी लागते, हे कबूल करूनच ते घ्यावे. तारेच्या ब्रशने रेषा उठवलेला पृष्ठभाग घेतला तर बारीक ओरखडे त्यात मिसळून जातात.

दक्षिणेकडील काचेकडे दुर्लक्ष करू नका. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणे १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे आपल्या दिवाणखान्यात ऊन वरून आणि अंगणातूनही येते. काच त्यातील काही भाग अडवते, तरी रंग बदलायला उरलेले पुरेसे असते. अक्रोडाचे लाकूड फिके पडते, चेरी गडद होते. ओक त्या मानाने कमी बदलतो. काचेवर फिल्म लावावी आणि पहिल्या वर्षी सतरंज्या अधूनमधून सरकवाव्यात, नाहीतर त्यांचा चौकोन जमिनीवर कायमचा उमटतो.

आता प्रवेशाच्या खोलीकडे. कोलोरॅडोत रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड आणि वाळू टाकतात. बुटांना चिकटून आलेला बर्फ उबदार खोलीत वितळला की तेच खारट, खरखरीत पाणी जमिनीवर साचते. वाळू पॉलिश घासते आणि क्षार हवेतील ओलावा ओढून पांढरट डाग धरतात. तेथे स्लेट किंवा खरबरीत पोर्सेलीनची फरशी घाला; खालच्या नळ्यांची ऊब दगडातून अधिक चांगली वर येते आणि बूटही लवकर वाळतात. चपला-बूट बाहेर काढून घरात यायची आपली सवय या बाबतीत कोणत्याही पॉलिशपेक्षा उपयोगी आहे, मात्र पाहुण्यांसाठी बसून बूट काढता येतील असे बाक ठेवा, नाहीतर ते एका पायावर तोल सांभाळत थेट ओकवर येतात. फरशी आणि लाकूड जेथे भेटतील तेथे फळी फरशीला भिडवू नये. मध्ये हालचालीची जागा सोडून वर पट्टी बसवावी आणि ती पट्टी एकाच बाजूला पक्की करावी.

उंबरठा

हे सर्व वाचून कंत्राटदाराशी बोलले. बसवण्याचे काम ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलले आहे आणि मापे लिहून द्यायला तो तयार झाला आहे. त्याने एकच हरकत घेतली: क्वार्टर-सॉन मालाचा भाव साध्या कापापेक्षा बराच जास्त पडतो, तर क्वार्टर-सॉन आणि रिफ्ट-सॉन मिसळून आलेला माल चालेल का?

करवतकाठी

चालेल. रिफ्ट-सॉनमध्ये वलये तिरकी येतात, त्यामुळे त्याची हालचाल दोन्ही कापांच्या मध्ये पडते, आणि ओकमधील ते चमकदार पट्टे दिसत नाहीत म्हणून काही जणांना तोच अधिक आवडतो. फक्त ‘मिश्र’ या नावाखाली साध्या कापाच्या फळ्या घुसडलेल्या नाहीत ना, हे पेट्या उघडल्यावर फळीचे टोक पाहून तपासावे. टोकाला वलये आडव्या कमानीसारखी दिसली तर ती फळी बाजूला काढून परत करावी. तसेच एकूण क्षेत्रफळापेक्षा थोडा जास्त माल त्याच खेपेत मागवून उरलेला घरातच, क्रॉल स्पेसमध्ये नव्हे, ठेवावा, म्हणजे पुढे एखादी फळी बदलायची वेळ आली तर ती त्याच हवेत मुरलेली मिळेल.